गर्भाशयमुखाचा कॅन्सर: लस कधी घ्यायची, तपासणी कशी होते आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कशामुळे होतो हे डॉक्टरांना पक्कं माहिती आहे, तो होऊ नये म्हणून लस आहे, आणि लस घेतलेली नसली तरी कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी तो पकडून तिथल्या तिथे संपवता येतो. एवढं सगळं हातात असूनही २०२२ साली जगभरात साधारण ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि साडेतीन लाख बायका गेल्या. मला याचा खरंच त्रास होतो, कारण यातल्या बहुतेक जणी वाचू शकल्या असत्या. म्हणून जे माहिती असायला हवं ते सविस्तर लिहितेय. जास्त भर तपासणीवर आणि त्यानंतरच्या रिपोर्टवर देतेय, कारण रिपोर्टमध्ये काही आलं की बायका एकतर घाबरून गप्प बसतात नाहीतर थेट पिशवी काढायलाच निघतात, आणि बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते.

आधी हे होतं कसं ते

गर्भपिशवीचा खालचा अरुंद भाग योनीत उघडतो, ते गर्भाशयमुख. पाळीचं रक्त इथूनच बाहेर येतं आणि बाळंतपणात हेच तोंड उघडतं. याच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी वेगळ्या प्रकारच्या असतात आणि आतल्या बाजूच्या वेगळ्या, आणि दोन्ही जिथे भेटतात त्या पट्ट्यात पेशी सतत बदलत असतात. कॅन्सर सुरू होतो तो बहुतेक वेळा याच पट्ट्यात, आणि तपासणीत नमुनाही इथूनच घेतात.

जवळजवळ सगळ्या केसेसमागे एकच व्हायरस असतो, एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. याचे २०० च्या वर प्रकार आहेत, त्यातले बरेचसे निरुपद्रवी, काहींमुळे फक्त चामखीळ येते, आणि डझनभर प्रकार कॅन्सर करू शकतात. त्यात १६ आणि १८ नंबरचे सगळ्यात वाईट, गर्भाशयमुखाच्या १०० पैकी ७० कॅन्सर या दोघांमुळे होतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये हे दोन प्रकार कॅन्सरच्या गाठींमध्ये शोधून काढले आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. याच्याही कितीतरी आधी, १९५१ मध्ये, अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची ३१ वर्षांची बाई याच कॅन्सरने गेली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, त्या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढवल्या जातात आणि त्यांच्यात एचपीव्ही १८ सापडलाय. पाच मुलांची आई होती ती. हे वाचलं की मला पुढचं सगळं लिहायची आणखी घाई होते.

आता महत्त्वाचं. हा व्हायरस शारीरिक संबंधातून, त्या भागाच्या त्वचेला त्वचा लागून पसरतो, आणि इतका कॉमन आहे की संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना आयुष्यात कधीतरी तो होऊनच जातो. कळतही नाही, ताप नाही, दुखणं नाही, काही नाही. १० पैकी ९ जणींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आपोआप काढून टाकतं. प्रश्न येतो तो उरलेल्यांचा, ज्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. पेशी वाटेल तशी वाढू नये म्हणून आपल्या शरीरात काही प्रोटीन्स पहारा देत असतात, धोकादायक प्रकारचा व्हायरस त्यांनाच निकामी करतो, मग पेशी बिघडायला लागतात, आधी थोड्या, मग जास्त, आणि शेवटी कॅन्सर. या सगळ्याला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही आहे आणि उपचार चालू नाहीत, तर ५ ते १० वर्षांतही होऊ शकतं. आपल्याला जे काही करायचंय ते या मधल्या काळात, जेव्हा काहीच दुखत नसतं तेव्हाच.

सिगारेट-तंबाखूचं धूम्रपान, एचआयव्ही, क्लॅमिडियासारखी दुसरी इन्फेक्शन्स, खूप बाळंतपणं, फार लहान वयात आलेलं गरोदरपण, याने व्हायरस टिकून राहायची किंवा पेशी बिघडायची शक्यता वाढते. गर्भनिरोधक गोळ्या ५ वर्षांपेक्षा जास्त घेतल्या तरी धोका थोडा वाढतो, पण गोळ्या बंद केल्यावर तो हळूहळू कमी होतो आणि त्या गोळ्यांचे फायदेही आहेत, त्यामुळे हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही, कारण कंडोम जिथे झाकत नाही तिथल्या त्वचेतूनही हा पसरतो. आणि हा कॅन्सर घराण्यात असल्याशिवाय होत नाही असं समजून बसू नका, आईला-मावशीला कुणालाच नसला तरी तो होऊ शकतो.

लस

लस सगळ्यात चांगली काम करते ती व्हायरसशी गाठ पडायच्या आधी, म्हणजे ९ ते १४ वर्षं या वयात. इतक्या लहान मुलीला कशाला, हा प्रश्न बरेच पालक विचारतात, तर कारण एवढंच की लस आधी झालेलं इन्फेक्शन बरं करत नाही, फक्त पुढचं अडवते, आणि या वयात शरीर लसीला उत्तरही जोरदार देतं. लसीत जिवंत किंवा मेलेला व्हायरस नसतो, फक्त त्याच्या बाहेरच्या कवचासारखं दिसणारं प्रोटीन असतं, त्यामुळे लसीने एचपीव्ही होण्याचा प्रश्नच येत नाही. पाळीवर किंवा पुढे मूल होण्यावर परिणाम होत नाही. हात दुखतो, कधी बारीक ताप येतो, काही मुलींना इंजेक्शननंतर चक्कर येते, म्हणून १५ मिनिटं तिथेच बसवून ठेवायचं.

डोस किती, यावर गोंधळ होतो कारण नियम बदलत गेलेत. २००६ मध्ये लस आली तेव्हा तीन डोस होते, मग १५ च्या आतल्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन झाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ९ ते २० वयात एक किंवा दोन डोस चालतील, २१ च्या पुढे दोन. काही देशांत १५ च्या पुढे अजूनही तीनच देतात. प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र कमीत कमी दोन आणि जमलं तर तीन. तुमच्याकडे जे वेळापत्रक असेल ते पूर्ण करा, एखादा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला घ्यायचा.

काम करते का, तर हो. स्वीडनमध्ये १७ च्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८८ टक्के कमी सापडला, इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्यांमध्ये ८७ टक्के कमी, आणि २०२४ साली स्कॉटलंडहून आलेल्या अभ्यासात १२-१३ व्या वर्षी पूर्ण डोस झालेल्या मुलींमध्ये एकही केस नव्हती. एकही नाही!

मोठ्या वयात घेतली तर? लग्न झालंय, संबंध आलेत, तरीही घेता येते, कारण सगळे प्रकार आधीच होऊन गेलेत असं सहसा नसतं, पण वय वाढेल तसा फायदा कमी होतो, २६ च्या पुढे डॉक्टरांशी बोलून ठरवा. गरोदर असाल तर बाळंतपणानंतर घ्या. मुलग्यांनाही देता येते आणि द्यावी, कारण घशाचे, गुदद्वाराचे आणि लिंगाचे काही कॅन्सर याच व्हायरसमुळे होतात. आणि लस घेतली म्हणून तपासणी सुटत नाही, लस सगळे प्रकार अडवत नाही.

तपासणी, म्हणजे खरं काम

पहिलं एक सांगते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गर्भपिशवीचं तोंड ठीक आहे असं होत नाही. सोनोग्राफीत गाठी, अंडाशय, पिशवीची जाडी वगैरे दिसतं, पण तोंडावरच्या बिघडायला लागलेल्या पेशी दिसत नाहीत. रक्ताच्या तपासणीतही दिसत नाहीत. यासाठी वेगळीच तपासणी लागते आणि ती तीन प्रकारची आहे.

पॅप स्मिअरमध्ये तोंडावरच्या पेशी ब्रशने घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, बिघडल्यात का. एचपीव्ही टेस्टमध्ये नमुना तसाच घेतात पण त्यात धोकादायक व्हायरस आहे का ते बघतात. ही जास्त पक्की, म्हणून निगेटिव्ह आली तर पुढे ५ वर्षं तरी निश्चिंत. तिसरी म्हणजे व्हीआयए, यात ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड तोंडावर लावून मिनिटभर थांबतात आणि जिथे पेशी बिघडल्यात तिथे पांढरा डाग उठतो. लॅब लागत नाही, लगेच कळतं, पण बघणाऱ्याच्या नजरेवर बरंच अवलंबून असतं आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये तितकी कामाची नाही, कारण पेशी बदलणारा तो पट्टा वयानुसार आत सरकतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की वयाच्या ३० पासून सुरू करा, एचपीव्ही टेस्ट असेल तर ५ ते १० वर्षांनी एकदा, पॅप किंवा व्हीआयए असेल तर ३ वर्षांनी. एचआयव्ही असेल तर २५ पासून आणि जास्त वेळा. काही देशांत २१ किंवा २५ पासून पॅप करतात. नियमित केली आणि नॉर्मल येत गेली तर साधारण ६५ ला थांबवतात. आयुष्यात दोनदाच जमणार असेल तरी ३५ च्या आत एकदा आणि ४५ च्या आत एकदा एचपीव्ही टेस्ट करून घ्या, तेवढ्यानेही फार फरक पडतो.

आता प्रत्यक्षात काय होतं, कारण भीती इथेच असते. पाळी चालू नसेल असा दिवस घ्या, पाळीच्या पहिल्या दिवसापासून १० ते २० दिवसांत बरं पडतं. आधीचे दोन दिवस संबंध नको, योनीत क्रीम किंवा गोळी नको, आतून धुणं नको (ते तसंही कधीच करू नये). घालायला सैल, खालून मोकळं करता येईल असं काहीतरी असलं की सोपं जातं. टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पाय बाजूला. डॉक्टर स्पेक्युलम नावाचं उपकरण हळूच आत घालून उघडतात म्हणजे तोंड दिसतं. ते गार लागतं आणि आत दाब जाणवतो. मग छोटा ब्रश तोंडावर टेकवून गोल फिरवतात, त्या वेळी पोटात पाळीसारखी एक कळ येऊन जाते, आणि झालं. दोन-तीन मिनिटं. माझ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं की कमरेखालचा भाग टेबलाला चिकटू द्या आणि तोंडाने लांब श्वास सोडा, त्याने स्नायू सैल पडतात, आणि खरंच फरक पडला. दुखलं तर थांबा म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, स्पेक्युलम लहान मापाचंही असतं ते मागा, बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं सांगा, कुणी सोबत हवं असेल तर तेही सांगा. घरी गेल्यावर एखाद दिवस जरासं रक्त दिसू शकतं.

टेबलावर झोपायचंच नसेल तर एचपीव्ही टेस्टचा नमुना बऱ्याच ठिकाणी स्वतःचा स्वतः घेता येतो, लांब कापसाच्या काडीसारखा स्वॅब योनीत काही सेंटीमीटर आत घालून फिरवायचा आणि नळीत घालून द्यायचा. नीट घेतला तर निकाल डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा येतो. लाजेपायी वर्षानुवर्षं तपासणी टाळणाऱ्या बायकांसाठी हे फार मोठं आहे, तुमच्या इथे मिळतं का जरूर विचारा.

पिशवी काढलेली असेल तर ऑपरेशनचे कागद बघा, तोंडही काढलंय का. काही वेळा तोंड ठेवतात, मग तपासणी चालूच ठेवायची.

रिपोर्ट आला, आता?

रिपोर्ट आणायला जाच. काही असेल तर फोन येईल म्हणून सोडून देऊ नका, आणि तपासणीच्या दिवशीच विचारून ठेवा की रिपोर्ट कधी आणि कुणाकडे मिळेल.

पॅपच्या रिपोर्टवर एनआयएलएम लिहिलं असेल तर कॅन्सरच्या दिशेने जाणारं काही नाही. सोबत 'इन्फ्लमेशन' असा शब्द दिसला की कित्येक जणी घाबरतात, त्याचा अर्थ सूज किंवा साधं इन्फेक्शन, जळजळ-खाज असेल तर औषध देतात. 'अनसॅटिस्फॅक्टरी' म्हणजे नमुना नीट मिळाला नाही, काही आठवड्यांनी परत द्यायचा. एएससीयूएस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या वाटतात पण नक्की सांगता येत नाही, अशा वेळी एचपीव्ही टेस्ट करतात आणि ती निगेटिव्ह आली तर काळजी नाही. एलएसआयएल हा सौम्य बदल, यात वयानुसार आणि व्हायरसच्या रिपोर्टनुसार वर्षभराने परत बघतात किंवा कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीने तोंड बघणं, पुढे सांगते) करतात. एचएसआयएल मात्र टाळायचं नाही, लवकरात लवकर कॉल्पोस्कोपी करायची. तरीही हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही, कॅन्सरच्या आधीच्या पायरीचा संशय आहे.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला तर पहिला प्रश्न बहुतेक घरात हाच, की हा आला कुठून. याचं उत्तर टेस्ट देऊ शकत नाही. व्हायरस वर्षानुवर्षं गप्प राहून नंतर दिसू शकतो, त्यामुळे कधी आला, कुणाकडून आला हे कुणीच सांगू शकत नाही, आणि यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्यात काहीच अर्थ नाही. १६ किंवा १८ असेल तर थेट कॉल्पोस्कोपी, दुसरे प्रकार असतील तर बहुतेक वेळा आधी पॅप आणि मग ठरवतात. व्हायरस मारायचं औषध नाहीये, त्यामुळे तसं काही विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

कॉल्पोस्कोपी म्हणजे बाहेरूनच दुर्बिणीने तोंड मोठं करून बघणं. ॲसिटिक ॲसिड आणि आयोडीन लावतात, आयोडीनने निरोगी भाग तपकिरी होतो आणि बिघडलेला पिवळसर राहतो, तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. चिमटा बसल्यासारखं होतं. गरोदर असतानाही कॉल्पोस्कोपी करता येते, आणि कॅन्सरचा संशय नसेल तर उपचार बाळंतपणानंतर करतात.

बायोप्सीत सीआयएन १, २ किंवा ३ येतं, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींमधला बदल, आणि आकडा मोठा तसा बदल जास्त. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप जातं, म्हणून लक्ष ठेवतात. २ आणि ३ ला सहसा उपचार करतात (लहान वयात २ असेल तर कधी थांबून बघतात), कारण सीआयएन ३ तसंच सोडलं तर ३० वर्षांत १०० पैकी साधारण ३० जणींना कॅन्सर होतो. उपचार म्हणजे बिघडलेला तेवढा भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकणं, नाहीतर विजेच्या तारेच्या लूपने कापून काढणं, त्याला लीप म्हणतात. जागा बधिर करून काही मिनिटांत होतं, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. पुढचे काही आठवडे पाण्यासारखं किंवा तपकिरी जातं, साधारण महिनाभर संबंध टाळायचे, आणि खूप रक्त गेलं, ताप आला किंवा घाण वास यायला लागला तर लगेच परत जायचं. मूल होतं, पण लीपनंतर बाळ थोडं लवकर होण्याची शक्यता वाढते म्हणून पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आणि इथे कुणी सरळ पिशवीच काढून टाका म्हणालं तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. नुसत्या सीआयएनसाठी पिशवी काढणं हा पहिला उपचार नाही. पांढरं जातं किंवा तोंडावर जखम दिसते एवढ्यावर तर नाहीच, तोंडावर लालसर दिसणं कित्येक निरोगी बायकांमध्ये असतं, आधी पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट मागा. उपचारानंतर सहा महिने ते वर्षभरात परत तपासणी असते, ती चुकवू नका, एकदा सीआयएन २-३ झालेल्या बाईला पुढची २०-२५ वर्षं तरी लक्ष ठेवावं लागतं. सगळे रिपोर्ट तारखेसकट एका फाईलमध्ये ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नवीन डॉक्टर पहिलं तेच मागतात.

ही लक्षणं दिसली तर तपासणीच्या वयाची वाट बघायची नाही

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंबसुद्धा रक्त दिसणं, अंगावरून घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित जाणं, ओटीपोटात किंवा कंबरेत सतत दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं. पायावर सूज, वजन उतरणं हे खूप उशिरा येतं. यातलं काही झालं म्हणजे कॅन्सरच असं अजिबात नाही, बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण ते कारण बघूनच ठरवायचं. पाळी जायच्या वयात असं होतंच म्हणून कित्येक महिने अंगावर काढलेल्या बायका नंतर पुढच्या स्टेजला सापडतात. लवकर सापडला तर ऑपरेशनने बरा होतो, कधी कधी पिशवी वाचवूनसुद्धा, आणि पुढे गेलेला असला तरी रेडिएशन आणि केमो एकत्र देऊन बऱ्याच जणी बऱ्या होतात, त्यामुळे उशीर झालाय असं वाटत असेल तरी जा.

डॉक्टरकडे गेल्यावर लाजून नुसतं 'अंगावरून जातंय' असं सांगू नका. कधीपासून, किती, संबंधानंतर की असंच, ते स्पष्ट सांगा. आणि न तपासता नुसत्या गोळ्या किंवा सोनोग्राफी लिहून दिली तर सरळ म्हणा, स्पेक्युलम लावून तोंड बघा, आणि मगच औषध द्या.